कोरी डीव्हीडी कुठली घ्यावी, आणि नेमकी पाठवणीच का अडकते

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. २००७ साली झालेल्या त्यांच्या लग्नाच्या तीन डीव्हीडी शूटिंगवाल्याने दिल्या होत्या, त्यातल्या दोन आता अडकतात. नशिबाने मूळ मिनीडीव्ही कॅसेटी कपाटात होत्या, त्या त्यांनी संगणकावर उतरवून घेतल्या. गावाकडच्या आत्या-मामांना त्याच्या डिस्क करून द्यायच्या आहेत, कारण तिकडे टीव्हीखाली अजून जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याला पेनड्राइव्हची खाच नाही. दुकानात गेल्या तर समोर पाच ब्रँड, पाच भाव. म्हणून प्रश्न एवढाच: भरवशाची ब्लँक डीव्हीडी कुठल्या कंपनीची?

ताई, सांगलीत लग्नाचं शूटिंग करत मी वीसेक वर्षं काढली. आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी. किती डिस्क राइट केल्या याचा हिशेब नाही, पण परत किती आल्या त्याचा आहे, कारण परत आलेली डिस्क फुकटात पुन्हा करून द्यावी लागते. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या प्रश्नातला ‘कंपनी’ हा शब्दच घोळ करतो. खोक्यावर ज्याचं नाव असतं त्याने ती डिस्क बनवलेली असेलच असं नाही. जगात कोऱ्या डिस्क खरोखर बनवणारे मोठे कारखाने मोजकेच होते, जसे जपानचे तायो युदेन आणि मित्सुबिशी केमिकल, तैवानचे सीएमसी मॅग्नेटिक्स आणि राइटेक, आणि आपलं मोझर बेअर. बाकीचे बरेच जण यांच्याकडून माल घ्यायचे आणि वर आपला छाप मारायचे. एकाच नावाच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्क निघाल्याचं मी स्वतः पाहिलं आहे.

मोझर बेअरबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९८३ साली दीपक पुरींनी सुरू केलेली ही कंपनी सीडी-डीव्हीडीच्या आधी फ्लॉपी बनवायची. पुढे ग्रेटर नोएडात सीडी-डीव्हीडीचा एवढा पसारा वाढवला की जगातल्या मोठ्या उत्पादकांत तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. २००७ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा आमच्या पेठेतल्या पायरसीवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्यामुळे आज कुणी ‘ताजा’ मोझर बेअरचा माल म्हणून काही देत असेल तर तो गोदामातला जुना साठा आहे एवढं धरून चाला. तायो युदेननेही २०१५ च्या अखेरीस डिस्क बनवणं थांबवलं. मित्सुबिशीने आपल्या व्हर्बाटिम या ब्रँडचा धंदा सीएमसीला विकायचा करार २०१९ मध्ये केला. म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या सल्ल्यातली नावं आज जशीच्या तशी चालणार नाहीत.

आता तुमच्या अडकणाऱ्या डिस्ककडे येऊ, कारण निवड कशी करायची ते तिथूनच कळतं. एक विचारतो: ती कुठे अडकते? मी पैजेवर सांगतो, सीमांतपूजन नीट दिसतं, हळद नीट दिसते, मंगलाष्टकांत एखादा झटका बसतो आणि पाठवणीला चित्राचे चौकोन होऊन सगळं थांबतं.

हे ज्योतिष नव्हे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट. सुरुवातीचे विधी मधल्या भोकाजवळ बसतात आणि पाठवणी पार बाहेरच्या कडेला. डिस्कची सगळी दुखणी त्या कडेलाच असतात. लेझर ज्या रंगद्रव्यावर लिहितो, ज्याला आम्ही नुसतं ‘डाय’ म्हणतो, ते कारखान्यात डिस्क गरगर फिरवून पसरवलं जातं. पळीने टाकलेलं घावनाचं पीठ तव्याच्या कडेला जाड-पातळ होतं, तसं हा थरही स्वस्त मालात कडेला एकसारखा बसत नाही. डिस्क जरा वाकडी असेल तर तो वाकडेपणा कडेला सगळ्यात जास्त जाणवतो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, डाय त्यांच्या मध्ये. चिकटवण कमी पडली तर दमट हवा कडेनेच आत शिरते. भरीला, रायटर १६ एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट वेगाने लिहितो असं आपण म्हणतो तेव्हा तो पूर्ण वेग बहुतेक वेळा कडेजवळ पोचल्यावरच गाठतो. सगळ्यात कच्च्या जागी सगळ्यात घाईचं काम.

२००६ च्या सीझनला हा धडा मला महागात पडला. तुळशीचं लग्न झालं आणि कामं अंगावर आली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून मी शंभराचे दोन स्पिंडल, म्हणजे मधल्या दांडीत कोऱ्या डिस्क ओवलेले डबे, आणले, नेहमीपेक्षा बरेच स्वस्त. नाव घेत नाही, तो ब्रँड आता कुठे दिसतही नाही. राइट करताना एकही डिस्क फुकट गेली नाही, म्हणून मी खूश. दीड वर्षाने पहिली डिस्क परत आली, मग दुसरी, मग मिरजेच्या एका वधूपित्याने चारचौघांत ऐकवलं की मुलगी सासरी गेलेली तुमच्या डीव्हीडीत दिसतच नाही, ती अजून मांडवातच बसलीय. त्यांचं बरोबर होतं. सगळ्या डिस्क शेवटच्या दहा मिनिटांत मेल्या होत्या. राइट करताना चूक न येणं आणि डिस्क टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं.

मग खरेदी कशी करायची? एकदम शंभराचा स्पिंडल घेऊ नका. दहाचा घ्या, किंवा पंचवीसचा, कारखान्याचं प्लास्टिक वेष्टन शाबूत असलेला. लूज डिस्क, म्हणजे दुकानदार मोठ्या स्पिंडलमधून काढून कागदी पाकिटात घालून देतो त्या, घेऊच नका. तिच्यावर कुणाची बोटं लागली आणि ती किती दिवस काचेच्या शोकेसमध्ये उन्हात होती ते कळायला मार्ग नाही.

घरी आल्यावर पहिलं काम डोळ्यांचं. डिस्क कडेने धरून ट्यूबलाइटखाली तिरपी करा. खालची बाजू एकसारख्या जांभळट रंगाची दिसायला हवी. कडेला ढगाळ पट्टा, एखादा थेंब ओघळल्यासारखा डाग किंवा आत बारीक बुडबुडे दिसले तर ती बाजूला ठेवा. मग कडेवरून नख फिरवा. चांगल्या डिस्कची कड गुळगुळीत लागते. वाईट डिस्कच्या कडेला प्लास्टिकची कुसळं राहिलेली असतात. ज्याने कड नीट कापली नाही त्याने डाय नीट ओतला असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

दुसरं काम संगणकाचं. प्रत्येक कोऱ्या डिस्कच्या आत ती मुळात कुणाची हे सांगणारा मीडिया कोड कोरलेला असतो. इमजीबर्न नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. जुनं आहे, शेवटची आवृत्ती २०१३ ची, पण अजून चालतं. कोरी डिस्क घालून ते उघडलं की उजवीकडच्या रकान्यात हा कोड दिसतो. ‘एमसीसी’ने सुरू होणारा कोड मित्सुबिशी केमिकलचा, ‘टीवायजी’ तायो युदेनचा, ‘सीएमसी मॅग’ आणि ‘राइटेक’ यांना समजावून सांगायला नको, ‘एमबीआय’ म्हणजे मोझर बेअर. वर एक नाव आणि आत दुसरंच, हे इथे उघडं पडतं. पण कोडलाही देव मानू नका. तायो युदेनचे खोटे कोड टाकलेल्या डिस्क एके काळी बाजारात भरपूर होत्या, आणि कारखान्यांचे मालक बदलले तरी जुने कोड चालूच राहिले. कोडचा खरा उपयोग वेगळा आहे. रायटर हा कोड वाचून त्या डिस्कसाठी लेझर किती तापवायचा, कसा मारायचा ते स्वतःच्या आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरमधून, म्हणजे फर्मवेअरमधून, ठरवतो. ओळखीचा कोड असेल तर तो सराईतपणे लिहितो. अनोळखी कोड आला की अंदाजपंचे. म्हणून एकाच्या रायटरवर सोन्यासारखी ठरलेली डिस्क दुसऱ्याच्या रायटरवर माती खाते, आणि म्हणूनच ‘कुठला ब्रँड चांगला’ याला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. तरीही एक नाव सांगाच असा आग्रह असेल तर व्हर्बाटिमची, खोक्यावर ‘एझेडओ’ छापलेली डीव्हीडी-आर घ्या. त्या डायने मला आजवर सगळ्यात कमी त्रास दिला आहे. पण तपासणी तिचीही करायची.

तपासणी म्हणजे काय, तर स्पिंडलमधल्या वरची, मधली आणि तळाची अशा तीन डिस्क राइट करायच्या. तळाची मुद्दाम, कारण सगळं ओझं तिच्यावर असतं. राइट झाल्यावर इमजीबर्नमध्ये ‘व्हेरिफाय’, म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून बघणं, होऊ द्या. त्याला लागणाऱ्या दहा मिनिटांचा कंटाळा करून मी जेवढे पैसे घालवलेत तेवढ्यात नवा ट्रायपॉड आला असता. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकात घालून सगळ्या फायली हार्डडिस्कवर कॉपी करा आणि वेगाकडे लक्ष ठेवा. चांगली डिस्क आतून बाहेर जाताना सारख्या वाढत्या वेगाने वाचली जाते. मध्येच वेग बसला, मोटरचा आवाज घुर्रकन खाली आला आणि पुन्हा चढला, तर प्लेअर तिथेच रडणार हे पक्कं.

याहून खोलात जायचं असेल तर एरर स्कॅन. लाइट-ऑन किंवा बेनक्यूचा जुना रायटर मिळाला आणि नीरो डिस्कस्पीड हे सॉफ्टवेअर चाललं, तर डिस्कवरच्या दुरुस्त होणाऱ्या चुका आलेखात दिसतात. प्रत्येक डीव्हीडीत चुका असतातच, प्लेअर त्या गणिताने दुरुस्त करत जातो. डिस्कवरचा मजकूर ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकड्यांत, लिहिलेला असतो; सलग ८ ब्लॉकमध्ये पीआय चुका (दुरुस्तीच्या पहिल्या फेरीत सापडलेल्या) २८० च्या आत आणि एका ब्लॉकमध्ये पीआय फेल्युअर (त्या फेरीत दुरुस्त न झालेल्या) ४ च्या आत, अशी मर्यादा आहे. माझ्या हिशेबी आकड्यापेक्षा आकार महत्त्वाचा. आलेख सपाट माळासारखा असेल तर निश्चिंत राहा. शेवटाला घाट चढल्यासारखा वर गेला तर आज डिस्क चालत असली तरी तिची पाठवणी धोक्यात आहे. दोन वर्षांनी तीच डिस्क पुन्हा स्कॅन केली की घाट किती उंच झाला ते कळतं. सगळ्यांकडे तसे रायटर नसतात. नसेल तर वर सांगितलेली कॉपी-चाचणी पुरते.

वेगाबद्दल एक जुना समज आहे, जितकं हळू तितकं चांगलं. सीडीच्या काळात आम्ही सगळे ४ एक्सवरच लिहायचो. १६ एक्सच्या डीव्हीडीला ते लागू पडत नाही. तिचा डाय जलद लेझरसाठी बनवलेला असतो, फार हळू लिहिलं तर कधी कधी चुका वाढतात. मी १६ एक्सच्या डिस्कवर ८ एक्सने लिहितो, पूर्ण डिस्कला आठ-नऊ मिनिटं लागतात. लॅपटॉपला लावायचा सडपातळ यूएसबी रायटर तसाही ८ एक्सच्या पुढे जात नाही. त्याची खरी अडचण विजेची. एका यूएसबी पोर्टवर लिहिताना करंट कमी पडला की डिस्क अर्ध्यात मरते आणि आपण डिस्कच्या नावाने बोटं मोडतो. त्याला थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, स्वस्त हबमध्ये नको. जमलं तर कुणाचा तरी जुना डेस्कटॉप आणि त्यातला मोठा रायटर शोधा, तो या कामाला केव्हाही सरस.

आणि आता ज्याने माझ्या तक्रारी सगळ्यात जास्त कमी झाल्या ती गोष्ट: डिस्क काठोकाठ भरू नका. ४.७ जीबीची डीव्हीडी विंडोजमध्ये ४.३८ दिसते, त्यात दोन-तीन तासांचं लग्न कोंबायचा मोह होतो. त्यापेक्षा एका डिस्कवर एक तास ठेवा. ८ एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिटचं, चित्र आणि वर आवाज धरला तर तासाला साधारण ३.७ जीबी होतात. मग डिस्कवर लिहिलेला भाग संपतो तिथून पुढे लिहिण्याच्या जागेतली जवळपास पाच मिलिमीटर कड कोरी राहते. राइट केलेली डिस्क उजेडात तिरपी धरलीत तर ही सीमा रंगाच्या फरकावरून डोळ्यांना दिसते. सगळ्यात कच्ची जागा आपण वापरलीच नाही, विषय संपला. चित्रही चांगलं दिसतं. ८ च्या वर मात्र जाऊ नका, नियमात ९.८ पर्यंत मुभा असली तरी घरी राइट केलेली डिस्क जुना प्लेअर त्या गतीने वाचताना अडखळतो. एका डिस्कच्या जागी दोन-तीन लागतील, लागू द्या.

गावाकडच्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर घ्या, म्हणजे वजावाली. अधिकवाली डीव्हीडी+आर तांत्रिकदृष्ट्या कमी नाही, पण तिचा बुकटाइप, म्हणजे डिस्क कुठल्या प्रकारची ते प्लेअरला सांगणारी खूण, बदलून ‘डीव्हीडी-रॉम’ करण्याची सोय रायटरमध्ये असेल तरच फार जुने प्लेअर तिला निमूट स्वीकारतात. पुसता येणारी आरडब्ल्यू फक्त रंगीत तालमीसाठी. तिच्यावरून प्रकाश कमी परत येतो, जुना प्लेअर तिला ओळखतच नाही. ८.५ जीबीच्या डबल लेअरच्या नादी लागू नका. आणि हो, संगणकावरची एमपी४ फाइल नुसती डिस्कवर टाकून आत्यांना पाठवू नका. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या ७२० बाय ५७६ मापात, एमपेग-२ करून, व्हिडिओ टीएस फोल्डरची रीतसर डीव्हीडी बनवा.

डिस्कवर गोल कागदी लेबल चिकटवायची पद्धत आमच्याच लोकांनी पसरवली, गणपतीचं चित्र आणि खाली ‘शुभविवाह’. ते लेबल एका बाजूला केसभर सरकलं तरी डिस्क फिरताना थरथरते, आणि काही वर्षांनी सुटून प्लेअरमध्ये अडकते. नाव लिहायचं तर मऊ टोकाच्या, सीडीसाठीच्या मार्करने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेन नको. एका घरी तर पहिली डिस्क देव्हाऱ्यात ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं होतं, खालच्याच बाजूला. पुसायची वेळ आलीच तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. ताट विसळल्यासारखं गोल फिरवलंत तर ओरखडा रेघेच्या दिशेने पडतो आणि चुकांची दुरुस्ती तिथे हात टेकते.

ठेवायचं कसं, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. डोंबिवलीत किंवा कोकणात जुलैमध्ये हे कुणाला जमणार? जमतं तेवढं करायचं: टीव्हीच्या वर नाही, खिडकीत नाही, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नाही. कडक प्लास्टिकच्या खोक्यात, उभी. त्या मऊ पाकिटांच्या अल्बममध्ये तर नकोच, उन्हाळ्यात पाकिटाचं प्लास्टिक डिस्कला चिकटतं. कोऱ्या डिस्कही जपून ठेवून जुन्या करू नका, लागतील तेवढ्याच आणा. आता मालच कमी होत चालला आहे. पॅनासॉनिकने कोऱ्या ब्लू-रे २०२३ मध्ये थांबवल्या, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये, आणि सोनीने त्याच वेळी तुमच्या त्या मिनीडीव्ही कॅसेटीही बंद केल्या.

त्यावरून आठवलं. कॅसेटवरून उतरवलेल्या मूळ फायली, तासाला सुमारे १३ जीबीच्या, त्या डीव्हीडी झाल्या म्हणून पुसून टाकू नका. डीव्हीडी करताना त्यातलं बरंच दाबलं जातं, ते परत येत नाही. त्या दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, एक तुमच्याकडे, एक भावाकडे. डिस्कवरच ठेवायच्या असतील तर २५ जीबीच्या ब्लू-रेवर एक अख्खी कॅसेट मावते. एचटीएल प्रकारची घ्या, एलटीएच नको. एलटीएचमध्ये पुन्हा तोच सेंद्रिय डाय असतो. एम-डिस्क मिळाली तर उत्तमच, तिच्यात लिहिण्याचा थर दगडासारख्या अजैविक पदार्थाचा असतो. मात्र एम-डिस्कच्या डीव्हीडी प्रकारावर लिहायला तिला मान्य करणारा रायटर लागतो, खरेदीआधी ते बघून घ्या.

तुमच्या कामासाठी दहाचा एक स्पिंडल आणा. पहिली डिस्क करून ज्यांचा प्लेअर सगळ्यात जुना आहे त्या आत्यांकडे पाठवा, आणि फोन करून सांगा: पहिल्यापासून बघत बसू नका, रिमोटने थेट शेवटचा चॅप्टर लावा. तिथे तुम्ही गाडीत बसताना नीट दिसलात, की मग त्याच स्पिंडलमधून बाकीच्यांच्या करायला घ्या.